पाणी कुणी ठेवलं

१

सन दोन हजार पंचवीस. जानेवारीची आठ तारीख, बुधवार, पौष महिना. कांद्याची लागण उरकून तिसरा दिवस होता. सकाळी गवतावर एवढं दव असायचं की पायजमा गुडघ्यापर्यंत भिजायचा. त्या दिवशी मी आणि माझी बायको कुशाबाई महाळुंगे पडवळहून मुंबईला निघालो. तीन दिवसांसाठी. फिरायला.

हा शब्द लिहितानासुद्धा मला राग येतो. चौऱ्याहत्तर वर्षांत मी चारदा मुंबईला गेलो. दोनदा मयताला, एकदा दवाखान्यात, एकदा टोमॅटोच्या गाडीबरोबर. फिरायला म्हणून मी आमच्या शिवेबाहेरसुद्धा गेलो नव्हतो.

हे काम श्रेयाचं. श्रेया माझी नात, पुण्यात नोकरी करते. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, “आजोबा, लग्नाला पन्नास वर्षं होतील आता. आजीला कुठं नेलंय का तुम्ही?”

“भीमाशंकरला नेलंय.”

“ते देवाला झालं. फिरायला?”

कुशाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपातच थांबला. मी ते पाहिलं. संक्रांतीच्या आत परत यायचं, असं सांगून मी हो म्हणालो.

मंचरहून एसटीनं गेलो. गावाकडं ओठ फुटायची थंडी, मुंबईत उतरलो तर स्वेटर काखेत धरायची वेळ. श्रेयानं मोबाइलवरून घर ठरवलं होतं, दादरच्या बाजूला, नवव्या मजल्यावर. लॉज नाही, घर. दाराशेजारी भिंतीला एक लोखंडी डबी. तिच्यावरचे आकडे जुळवले की ती उघडते आणि आत किल्ली असते. श्रेया फोनवरून आकडे सांगत होती.

“घर कुनाचं हाय?” मी विचारलं.

“कुणाचं का असेना आजोबा, तीन दिवस तुमचं.”

“मालक भेटंल का न्हाई?”

“असल्या घरात मालक भेटत नसतात हो.”

ज्याच्या घरात पाय ठेवायचा त्याचं तोंड बघायचं नाही, ही कसली रीत? मी दार उघडलं. कुशाबाई बाहेरच थांबली. कुणाच्याही दारात थांबून हाक देते तशी तिनं आत हाक दिली.

“हाय का कुनी घरात?”

“कोन आसनार? चल आत,” मी म्हटलं.

आत कुणी नव्हतं. एक बाहेरची खोली, तिथं कोच, टीव्ही आणि काचेचं बुटकं टेबल. सहा पावलांवर स्वयंपाकघर. त्याच्या अलीकडं झोपायची खोली आणि तिला गॅलरी. सगळं स्वच्छ होतं. भिंतीवर देव नाही, खुंटीवर कपडा नाही, कोपऱ्यात झाडूसुद्धा नाही. त्या घरात कुणी राहत असल्याची एकही खूण नव्हती.

२

चार वाजता चौपाटीवर जायला निघालो. मी किल्ली घेऊन दारात उभा. कुशाबाईनं चपला घातल्या, मागं वळली आणि रिकाम्या खोलीला म्हणाली, “येते हं.”

“कुनाला सांगतीस?”

“घराला.”

आमच्याकडं निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. घरात कुणी नसलं तरी कुशाबाई गोठ्याला म्हणते, तुळशीला म्हणते. म्हटल्याशिवाय तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हलवून बघितलं.

चौपाटीवर ती चपला हातात घेऊन पाण्यात उभी राहिली. घोट्याएवढ्या पाण्यात अर्धा तास. मी वाळूत बसून होतो. तिनं मला बोलावलं, मी गेलो नाही.

साडेसहाला परत आलो. कुलूप मीच उघडलं. टेबलावर दोन काचेचे ग्लास होते, पाण्यानं भरलेले, वर बश्या झाकलेल्या.

बाहेरून आलेल्याला पाणी द्यायचं ही घरोघरची रीत. मी वावरातून येतो तेव्हा पाणी मागत नाही. तांब्या पुढं येतो. पन्नास वर्षं येतो आहे. तो कुणी आणला हे मान वर करून मी कधी पाहिलं नाही.

मला वाटलं, निघायच्या आधी हिनंच भरून ठेवलं असेल. मी ग्लास उचलला. पाणी माठातल्यासारखं गार होतं. त्या घरात माठ नव्हता, फ्रीज होता तो बंद.

कुशाबाई पदरानं तोंड पुसत माझ्याकडं बघत होती.

“अवं,” ती म्हणाली, “पन्नास वर्सांत पयल्यांदा.”

“काय?”

“मी तिकडं लिप्टपाशी गेले, तवा पानी भरून ठेवलंत व्हय? मला वाटलं कुलपाशी खटपट चाललीय तुमची.” आणि ती हसली. “मुंबईची हवा लागली म्हनायची म्हाताऱ्याला.”

आता मी सांगायला हवं होतं. साधं होतं. मी न्हाई ठेवलं, एवढंच. पण तिच्या तोंडावर जे आलं होतं ते मी आमच्या लग्नात पाहिलं नव्हतं, पोरगा झाला तेव्हा पाहिलं नव्हतं. ते मला काही न करता मिळत होतं. मी घेतलं.

“पी गुमान,” मी म्हटलं.

मनात म्हटलं, झाडायला बाई येत असेल. तिच्याकडं दुसरी किल्ली असेल.

३

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली तेव्हा मी श्रेयाला फोन लावला.

“या घरात झाडलोटीला कुनी येतं का गं?”

“तुम्ही घर सोडल्यावर येतात आजोबा. मधे कुणी नाही येत. का? घाण आहे का?”

“न्हाई. सहज.”

त्या दिवशी निघायच्या आधी मी सगळे ग्लास पुसून कपाटात पालथे घातले. कपाट लावलं. गॅलरीचं दार आतून बंद केलं. कुशाबाईला आधी बाहेर काढलं. तिनं “येते हं” म्हटलं. मी कुलूप लावलं. मग दिवसभर राणीच्या बागेत फिरलो. कुशाबाई हरणं बघत होती आणि मी कपाटाचा विचार करत होतो.

परत आलो. दोन ग्लास. बश्या झाकलेल्या.

“आजबी?” ती म्हणाली. हात धुवायच्या आधी टेबलापाशी गेली, पाणी प्याली, रिकामा ग्लास मांडीवर धरून बसली.

मी सगळं घर बघितलं. कॉटखाली वाकलो, न्हाणीघर बघितलं, गॅलरीचं दार बघितलं. कडी होती तशी होती.

“काय हुडकताय?”

“चष्मा.”

“डोळ्यावर हाय.”

शुक्रवारी दुपारी मी गॅलरीत बसलो होतो, ती आत झोपली होती. उठल्यावर म्हणाली, “पांघरून घातलंत ते बरं केलं. पाय गार पडले व्हते.” मी गॅलरीतून उठलोच नव्हतो. पण दुपारी जेवल्यावर मला डुलकी लागते. झोपेत उठून घातलं असेल का? मी स्वतःला असं विचारलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं, ज्यानं कधी कुणावर पांघरूण घातलं नाही, त्यानं असं विचारलं. तेव्हाच बॅग भरायला हवी होती.

त्याच संध्याकाळी परत आलो तेव्हा टेबलावर एकच ग्लास होता. ती नेहमी बसायची त्या बाजूला.

“तुमचा कुटंय?”

“मला न्हाई तहान,” मी म्हटलं. घसा कोरडा पडला होता माझा.

४

शनिवारी दहाला घर सोडायचं होतं. मी दोन्ही पिशव्या घेऊन लिफ्टपाशी उभा राहिलो. किल्ली डबीत टाकायची म्हणून कुशाबाई मागं होती. दार उघडंच होतं. ती आत वळली.

“येते हं,” म्हणाली.

मला एकदम कळलं. आज आम्ही परत येणार नव्हतो. आधीचे तीन दिवस ती म्हणाली होती ते खरं केलं होतं. आज नुसतीच सवय होती.

आतून आवाज आला. “ये.”

गड्याचा आवाज. मऊ. घाई नसलेला.

कुशाबाईनं दार ओढून घेतलं आणि माझ्याकडं बघून हसली. “तिकडनं काय ये ये करताय? येतेच हाय की.”

मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. तोंड मिटलेलं होतं. आवाज माझ्याकडून गेला नव्हता, दारातून आला होता. तिला कसं कळलं नाही? मी म्हटलं, शेजारचा टीव्ही असेल. एवढ्या मोठ्या इमारतीत आवाज कुठूनही येतो. पण तो आवाज ओळखीचा होता. घाट चढताना, सगळ्या रस्त्यानं मी तो कुणाचा ते आठवत होतो. आठवलं नाही.

५

घरी आल्यावर चार दिवस काही नव्हतं. संक्रांत झाली. मग गुरुवारी कुशाबाई मेथी निवडता निवडता म्हणाली, “आले.” आणि उठली.

“कुटं?”

“तुमी हाक मारली न्हवं?”

मी तिच्यासमोरच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात. “आले, आले,” म्हणत धार अर्धी टाकून बाहेर आली. मी अंगणात खुरप्याला धार लावत होतो. म्हणाली, “आता नावानं हाका मारायला लागलात. सूनबाई काय म्हनंल?” आणि पदर तोंडाला लावला.

मी तिला नावानं कधीच हाक मारलेली नाही. अगं, एवढंच. आमच्या पिढीत कुणी मारत नाही.

“काय नावानं?” मी विचारलं.

“कुशा म्हनालात.”

खुरपं माझ्या हातातून खाली पडलं.

मग रोज सुरू झालं. दिवसातून तीनदा, चारदा, मग मोजता येईना. आणि तिची तहान. तांबेच्या तांबे प्यायची आणि म्हणायची, ह्यानं भागत न्हाई. माझा मुलगा भरत तिला मंचरला डॉक्टरकडं घेऊन गेला. साखर नाही. रक्तदाब बरा. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, विसर पडतो, भास होतात. मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता.

एका दुपारी भरत ओट्यावर बसून मोबाइलवर काही ऐकत होता. त्यातून आवाज आला. मी ताडकन उठलो.

“कोन बोलतंय ह्यो?”

“कुटं?”

“त्यात. मोबाइलात. कोन हाय ह्यो मानूस?”

भरत माझ्याकडं बघत राहिला. “आबा, तुमीच की. खताच्या दुकानदाराला तुमी निरोप पाठवला व्हता. माझ्याच मोबाइलवरनं.”

त्यानं परत लावलं. खताच्या चार गोण्या पाठव, असं मी म्हणत होतो. खरखरीत, घाईत. पण आवाज तोच. त्या दारातला. माणसाला आपला आवाज बाहेरून ओळखू येत नाही. मला मुंबईपासून घरापर्यंत आठवला नव्हता तो माझाच होता.

६

सत्तावीस तारखेला, सोमवारी, मी कांद्याला पाणी देत होतो. अकराच्या सुमारास दादाभाऊचा फोन आला. दादाभाऊ आमच्या गावचा, मंचर स्टँडसमोर त्याचं चहाचं दुकान आहे.

“गेनभाऊ, कुटं हाय तुमी?”

“वावरात. का रं?”

“वैनी हितं मुंबईच्या गाडीत बसल्यात. मी म्हनलं, एकल्याच निघाल्या का? तर म्हनल्या, न्हाई, मालक फुडं गेलेत, जागा धरलीया.”

“उतरव तिला.”

“उतरत न्हाईत ओ. शेजारच्या शीटवर पिशवी ठेवलीय, कुनाला बसू देईनात. कंडक्टर वैतागलाय.”

भरतच्या मोटरसायकलवर मी मंचर गाठलं. गाडी थांबवून धरली होती. कुशाबाई खिडकीशी बसली होती, लुगडं धुतलेलं, केस नीट बांधलेले. मला खाली उभा पाहून ती गोंधळली. शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडं.

मी चारचौघांत तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. लोक बघत होते. दादाभाऊ मला म्हणाला, “जाऊ द्या राव, वय झालंय.” मी त्यालाही बोललो.

घरी आल्यावर ओसरीत ती भिंतीला टेकून बसली. मी दार लावलं. सून स्वयंपाकघरात होती, तिला बाहेर जायला सांगितलं.

“मुंबईत पानी मी ठेवलं न्हवतं,” मी म्हटलं.

तिनं पदर सारखा केला.

“पांघरून बी मी घातलं न्हाई. नावानं हाक बी मी मारली न्हाई. एकदा बी न्हाई.”

मला वाटलं ती घाबरेल. ती घाबरली नाही. तिनं हळूहळू मान हलवली.

“मला वाटलंच व्हतं.”

“काय वाटलं व्हतं?”

“की तुमी ठेवनार न्हाई. पयल्याच दिशी वाटलं व्हतं. पर मी म्हनलं, आसंल. ठेवलं बी आसंल.” मग तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. “तुमी का गप ऱ्हायलात?”

मी टोपी काढली, परत घातली.

“आता बी हाक येती का?” मी विचारलं.

“येती. तुमी बोलताय ना, त्याच्या मागनं येती.”

माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच्यावर राग आला. भीतीपेक्षा राग मोठा होता. माझ्या आवाजानं, माझ्या बायकोला, मी कधी बोललो नाही तसं कुणीतरी बोलत होतं. आणि ती सुखावत होती. हे मला सहन होत नव्हतं.

“जावं लागंल,” कुशाबाई म्हणाली. “येते म्हनून आलीया मी. घर रिकामं व्हतं म्हनून काय झालं? सांगितलंय न्हवं मी?”

“तू न्हाई जायाचं. मी जातो.”

“तुमी थोडंच म्हनला व्हता येतो.” ती अगदी साधं बोलली. “मी गेल्याबिगर हाक थांबनार न्हाई. आन् थांबली न्हाई तर येक दिस मी तुमाला न सापडता गाडीत बसंन.”

संध्याकाळी मी श्रेयाला फोन केला. तेच घर पाहिजे म्हणालो.

“परत मुंबई? आजी जिंकली की हो!” ती खूश झाली. मग मोबाइलवर बघून म्हणाली, “मिळेल आजोबा. सगळ्या तारखांना रिकामंच दिसतंय. त्याच्यावरची आणि खालची घरं भरलीत. हेच रिकामं.”

७

एकोणतीस तारखेला दुपारी दीडला आम्ही त्या दारापुढं उभे होतो. गाडीत तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बाटली पुढं केली की तोंड फिरवायची. ओठांवर पांढरी साल आली होती.

मी आकडे जुळवले. किल्ली काढली. दार उघडलं.

या वेळी कुशाबाईनं आत हाक दिली नाही. सरळ आत गेली.

टेबलावर एक ग्लास होता. बशी झाकलेली. काचेवर बाहेरून पाण्याचे थेंब धरले होते, एवढं गार. खिडक्या बंद होत्या. बाहेर रस्त्यावर केवढी वाहनं होती, आत त्यांचा आवाज येत नव्हता.

स्वयंपाकघरातून माझा आवाज आला. “आलीस कुशा? दमली असशील. बस. पाणी घे.”

मी तिच्या शेजारी उभा होतो. दात एकमेकांवर दाबून धरले होते.

ती कोचावर बसली. मी म्हटलं म्हणून नव्हे. त्यानं म्हटलं म्हणून.

“कोन हाय रं तिकडं?” मी ओरडलो. “आं? भाईर ये. दुसऱ्याच्या तोंडानं बोलतो, लाज न्हाई वाटत? तोंड दाखव तुझं!”

काही हललं नाही. मग तोच आवाज, जरासुद्धा न चढता, “पी कुशा. गार आहे.”

तिचा हात बशीवर गेला.

“पिऊ नको,” मी म्हटलं.

“तहान लागलीय.”

“अगं, पिऊ नको म्हनतो ना!”

“सकाळपून म्हनताय असं करू नको, तसं करू नको.” तिचा आवाज फाटला होता. “माझा जीव चाललाय पान्यासाठी. मंग तुमी द्या.”

बशी तिनं उचलली होती. मी तिच्या हातावर हात ठेवला असता तर तिनं झटकला असता. हे मला माहीत होतं. ओढून बाहेर नेली असती तर पुन्हा गाडीत बसली असती. एकच गोष्ट करायची उरली होती आणि ती करायला सहा पावलं चालायचं होतं.

मी चाललो.

स्वयंपाकघरात दिवा नव्हता. खिडकीतून राखाडी उजेड येत होता. दाराच्या मागं, भिंत आणि फ्रीज यांच्या मधल्या जागेत, एक माणूस भिंतीकडं तोंड करून उभा होता. डोक्याला टोपी. अंगात तपकिरी स्वेटर, कोपरावर निळ्या लोकरीनं रफू केलेला. तोच स्वेटर त्या क्षणी माझ्याही अंगात होता, घाईत काढायचा राहिलेला. मान खाली. दोन्ही हात पुढं कुठंतरी धरलेले, मला न दिसणारे. पंगतीत वाढायला उभा राहतो तसा तो उभा होता. कुणी काही मागेल म्हणून.

तोंड मला दिसलं नाही. दिसावं म्हणून मी प्रयत्नही केला नाही.

नळ त्याच्या पलीकडं होता.

“सरक,” मी म्हटलं.

तो सरकला. पाय न उचलता, भिंतीकडचं तोंड तसंच ठेवून, बाजूला झाला. फरशीवर आवाज झाला नाही.

मी कपाट उघडलं. ग्लास घेतला. विसळला. नळ सोडला. पाणी भरून वाहायला लागलं तरी नळ बंद करायचं सुचेना. तो माझ्या पाठीमागं होता. मानेवर गारवा लागत होता, माठाच्या तोंडाशी वाकल्यावर लागतो तसा. मी वळलो नाही. वळलो असतो तर हा कागद लिहिला नसता, असं मला वाटतं. का ते सांगता येत नाही.

मागून माझा आवाज हळू म्हणाला, “येते म्हणाली होती.”

“आली,” मी म्हटलं. “बघितलीस ना? आली. झालं.”

त्यानं श्वास सोडला. का आत ओढला. मी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि भिंतीकडं न बघता बाहेर आलो. अर्धं पाणी माझ्या हातांवर सांडलं होतं.

कुशाबाईच्या उजव्या हातात तो दुसरा ग्लास होता. ओठांपासून चार बोटांवर. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातांकडं पाहिलं. ओल्या बाह्यांकडं पाहिलं.

“घे,” मी म्हटलं. मग आणखी म्हणायला हवं होतं. ते म्हटलं. “कुशा, घे.”

आतून आवाज आला नाही.

ती बराच वेळ दोन्ही ग्लास बघत होती. मग तिनं हातातला खाली ठेवला, त्याच्यावर बशी झाकली, आणि माझ्या हातातला घेतला. नळाचं कोमट पाणी. अर्धाच ग्लास. तिनं मान वर करून, न थांबता, तळापर्यंत प्यायलं. हनुवटीवरून ओघळलेलं पदरानं पुसलं.

“आनखी?” मी विचारलं.

“भागली,” ती म्हणाली.

रिकामा ग्लास मी तिच्या हातातून घेतला आणि टेबलावर पालथा घातला. पिशवी उचलली. ती पुढं झाली, मी मागं. दार मी ओढलं.

निघताना ती काही म्हणाली नाही. मीही नाही.